वैमानिकांची टंचाई आणि बेकार वैमानिक

एक विसंगती

भारतीय विमान उद्योगाविषयी दोन विधाने गेली वीस वर्षे एकाच वेळी केली जातात. देशात वैमानिक कमी पडत आहेत, हे पहिले. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती असलेली अनेक तरुण मुले-मुली नोकरीची वाट पाहत घरी बसली आहेत, हे दुसरे. दोन्ही खरी आहेत. त्यांचा मेळ लावायचा तर ‘वैमानिक’ हा शब्द आधी फोडावा लागतो आणि नंतर उद्योगाच्या वाढीचा कालक्रम तपासावा लागतो.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये मांडलेले चित्र असे होते: देशात ८०० हून अधिक विमाने सेवेत, सुमारे १,७०० विमानांची मागणी नोंदवलेली आणि येत्या दीड-दोन दशकांत सुमारे ३०,००० वैमानिकांची गरज. प्रशिक्षण संस्थांच्या जाहिरातींत यातला शेवटचा आकडा ठळक छापला जातो. त्याला वर्षांनी भागले की तो बराच आटोक्यात येतो, कारण वर्षाला गरज उरते दीड ते दोन हजारांची. २०२३ या एका वर्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे ‘डीजीसीए’ने, १,६२२ व्यावसायिक परवाने दिले होते. गरज आणि पुरवठा यांत सरासरीने फारसे अंतर नाही. अडचण सरासरीची नाहीच. कोणत्या वर्षी किती आणि कोणत्या दर्जाचे वैमानिक लागतात, ही आहे.

मागणी कोठून येते

२०२४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या १६ कोटींच्या थोडी वर होती. ही माणसांची संख्या नव्हे, प्रवासांची. मुंबईहून नागपूरला जाऊन परत आलेला माणूस तिच्यात दोनदा मोजला जातो. १४० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात हा आकडा लहान आहे, आणि वाढीच्या सगळ्या भाकितांचा पाया या लहानपणावरच आहे. विकसनशील देशात उत्पन्न एका पातळीपलीकडे गेले की आगगाडीच्या वातानुकूलित डब्यातला प्रवासी विमानाकडे वळतो. त्यामुळे राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा विमानप्रवास अधिक वेगाने वाढतो.

घसरणही त्याच कारणाने तीव्र असते. हात आखडता घ्यायची वेळ आली की विमानाचे तिकीट आधी वगळले जाते. धक्का प्रवासावरच आला तर आकडे कोसळतात. २०१९ मध्ये देशांतर्गत प्रवासी १४.४ कोटी होते. कोविडच्या २०२० मध्ये ते ६.३ कोटींवर आले.

प्रवासी वाढले म्हणजे वैमानिकांच्या जागा वाढल्या, असेही नाही. साठ टक्के भरणारे विमान पंच्याऐंशी टक्के भरू लागले तर एकही नवा वैमानिक लागत नाही. १८० आसनांच्या विमानाऐवजी २२० आसनांचे आणले तरी कॉकपिटमध्ये माणसे दोनच. सत्तर-पंचाहत्तर आसनांच्या एटीआर विमानालाही दोनच लागतात. वैमानिकाची नोकरी उड्डाणांच्या संख्येशी बांधलेली आहे आणि उड्डाणांची संख्या सेवेतील विमानांशी.

खर्चाची बाजू

विमान कंपनीचे उत्पन्न रुपयांत येते. मोठे खर्च मात्र डॉलरशी जोडलेले असतात. विमानाचे भाडे, सुटे भाग, इंजिनांची दुरुस्ती यांचे व्यवहार डॉलरमध्ये होतात. इंधनाची किंमत आंतरराष्ट्रीय बाजार ठरवतो आणि भारतीय कंपन्यांच्या खर्चातील त्याचा वाटा बहुधा एक तृतीयांशाहून अधिक असतो. विमान इंधन वस्तू व सेवा कराच्या बाहेर राहिल्याने प्रत्येक राज्याचा मूल्यवर्धित कर निराळा असतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड भागांसाठी हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, तो शेजारच्या राज्यांशी स्पर्धा टिकावी म्हणून. विमान कोठे इंधन भरणार, हे काही प्रमाणात राज्यांच्या करावरही ठरते.

रुपया घसरला आणि कच्चे तेल महागले, असे दोन्ही एकदम झाले की तोटा सुरू होतो. तिकिटाचे दर लगेच वाढवता येत नाहीत, कारण प्रतिस्पर्धी विमाने भरण्यासाठी दर खाली ठेवतो. उडून गेलेल्या विमानातील रिकामे आसन पुन्हा विकता येत नाही. म्हणून शेवटच्या काही आसनांपुरते कमी दरही कंपनीला परवडतात. प्रत्येकाने हाच हिशेब केला की सगळ्यांचे दर खर्चाखाली जातात.

वाढीतून मिळणारा पैसा

या उद्योगातील एक व्यवहार समजून घेतल्याशिवाय कंपन्या एकाएकी का कोसळतात, ते कळत नाही. मोठी मागणी नोंदवणाऱ्या कंपनीला निर्माता घसघशीत सवलत देतो. ताब्यात आलेले विमान कंपनी भाड्याने विमाने देणाऱ्या संस्थेला बाजारभावाने विकते आणि तेच विमान काही वर्षांसाठी भाड्याने परत घेते. सवलतीची किंमत आणि बाजारभाव यांतील फरक रोख हाती येतो. नवी विमाने येत आहेत तोवर रोकड येत राहते आणि तिकीटविक्रीतला तोटाही काही काळ झाकला जातो. विमाने येणे थांबले की रोकड आटते, भाडे मात्र दर महिन्याला भरावेच लागते. शिस्तीने वापरला तर हा मार्ग उपयुक्त ठरतो. इंडिगोच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा आहे. कमकुवत कंपनी मात्र त्याच्या आधारे उत्पन्नापेक्षा मोठी होऊन बसते, आणि या फुगलेल्या काळात तिने केलेली वैमानिकभरती बाहेरून सुदृढ वाढीसारखीच दिसते.

चढउतारांची नोंद

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हापासून या उद्योगाचा आरंभ मोजतात. पहिला खरा चढ दुसऱ्या महायुद्धानंतर आला. अमेरिकी सैन्याची शिल्लक डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि अनेक कंपन्या निघाल्या. १९५० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. तिचे निदान आजही जुने वाटत नाही: वाहतुकीच्या मानाने परवाने जास्त दिले गेले होते. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढची चार दशके दोन सरकारी कंपन्यांची होती. त्या काळात वैमानिकाची नोकरी मिळाली की आयुष्यभराची असे, पण मिळणेच दुर्मीळ.

दुसरा चढ उदारीकरणाचा. १९९२ मध्ये ईस्ट वेस्ट, १९९३ मध्ये जेट, दमानिया, मोदीलुफ्त आणि सहारा अशा कंपन्या उतरल्या. १९९४ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा जुना कायदा रद्द झाला. दशक संपण्यापूर्वी यांपैकी जेट आणि सहारा या दोनच मोठ्या कंपन्या तगल्या होत्या.

तिसरा चढ सर्वांत बोधप्रद. २००३ मध्ये एअर डेक्कनने कमी दराची सेवा सुरू केली. २००५ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो आली. २००३-०४ नंतरच्या चार वर्षांत देशांतर्गत प्रवासी अडीच पटींहून अधिक झाले. कॅप्टन मिळेनात म्हणून परदेशी वैमानिक चढ्या पगारावर आणले गेले. उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांबाहेर रांगा लागल्या; हजारो मुलांनी अमेरिका, कॅनडा, फिलिपिन्स, न्यूझीलंड गाठले. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला सुमारे १४७ डॉलरवर गेले आणि पाठोपाठ जागतिक आर्थिक संकट आले. ऑक्टोबर २००८ मध्ये जेटने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना कमी केले आणि मोठा गदारोळ झाल्यावर लगेच परत घेतले. शिकायला गेलेले नवे वैमानिक परवाना घेऊन परतले ते नेमके या सुमारास. त्यांतल्या अनेकांना पहिली नोकरी मिळायला चार-पाच वर्षे लागली, काहींनी व्यवसायच बदलला. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, तेव्हा याच गर्दीत अनुभवी वैमानिकांची भर पडली.

चौथा चढ २०१४ नंतर तेल स्वस्त झाल्याने आला. २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षांत देशांतर्गत प्रवासी वीस टक्क्यांहून अधिक वाढले. २०१८ मध्ये तेल पुन्हा वधारले, डॉलर सत्तर रुपयांपलीकडे गेला आणि १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उडाले. त्यातून सावरण्याआधी कोविड आला आणि २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे पूर्ण बंद राहिली.

पाचवा चढ चालू आहे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली, ऑगस्टमध्ये आकासा सुरू झाली. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी जाहीर केली. त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट, म्हणजे पूर्वीची गोएअर, बंद पडली. चढाच्या ऐन भरात कंपनी बुडू शकते, हे त्यातून दिसले.

कांदा आणि परवाना

या चक्राला अर्थशास्त्रात नाव आहे. आर्थर हानाऊ या जर्मन अभ्यासकाने १९२८ मध्ये डुकरांच्या किमतींचा अभ्यास करून दाखवले की आजच्या भावावर उद्याचे उत्पादन ठरवले तर भाव आणि उत्पादन एकमेकांमागे धावत राहतात. १९३४ मध्ये निकोलस काल्डोर यांनी त्याच्या आलेखाला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली. लासलगावच्या बाजाराशी परिचय असलेल्या वाचकाला हे प्रारूप निराळे शिकण्याची गरज नाही. कांदा तेजीत असताना लागवड वाढते आणि सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला की भाव पडतो.

वैमानिकाच्या बाबतीत लागवड आणि काढणी यांत महिने नव्हे, वर्षे जातात. प्रशिक्षणाला प्रवेश घेण्यापासून विमान कंपनीच्या पहिल्या उड्डाणापर्यंत दोन ते तीन वर्षे सहज लागतात. विमानाची मागणी आणि त्याचा ताबा यांत पाच-सात वर्षांचेही अंतर असू शकते. तेल, विनिमय दर, साथ किंवा युद्ध यांना मात्र काही आठवडे पुरतात. तिन्हींचे वेग जुळणे योगायोगावर सोडलेले असते. प्रवेशाचा निर्णय बातम्यांतल्या तेजीवर घेतला जातो, आणि तेजीची बातमी जितकी मोठी तितके त्याच वर्षी प्रवेश घेणारे अधिक. पुढे मंदी आली तर रांगही तितकीच लांब.

उन्हाळी कांदा निदान चाळीत ठेवता येतो. वैमानिकाचे कौशल्य साठवता येत नाही.

थांबण्याची किंमत

व्यावसायिक परवाना ही एकदा मिळवून भिंतीवर टांगायची पदवी नव्हे. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता दरवर्षी चाचणी देऊन नवी करावी लागते. वैद्यकीय प्रमाणपत्राला मुदत असते. अलीकडच्या काळात उड्डाण केलेले नसेल तर पुन्हा तास भरावे लागतात आणि प्रत्येक तासाचे पैसे पडतात. नोकरी नसलेला अभियंता निदान फुकट बेकार असतो. नोकरी नसलेल्या वैमानिकाला बेकार राहण्यासाठीही खर्च करावा लागतो. कंपन्यांची निवडपद्धती या अडचणीत भर घालते. लेखी परीक्षा आणि सिम्युलेटर चाचणीत ताजा उमेदवार सरस ठरतो, त्यामुळे मंदी संपल्यावर पहिल्या जागा नव्या तुकडीला मिळतात आणि जुनी मागे राहते. परवान्याचे वर्ष हा उमेदवाराच्या गुणवत्तेइतकाच निर्णायक घटक ठरतो, याचे मुख्य कारण हे आहे.

परवान्याचा मार्ग

व्यावसायिक परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास विमानाचे नियंत्रण स्वतःकडे असावे लागते. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तंत्र हे लेखी परीक्षांचे विषय. रेडिओ संभाषणाचा परवाना निराळा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची अट दीर्घकाळ चालत आली आहे. प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण होणे अनिवार्य आहे, आणि शुल्क भरण्यापूर्वी ती करून घेणे शहाणपणाचे असते. बरेच जण क्रम उलटा ठेवतात.

एवढ्यावर प्रवासी विमान चालवता येत नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा विशिष्ट प्रकारासाठी सिम्युलेटरवर वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. परवान्याला पन्नास लाखांच्या आसपास, टाइप रेटिंगला आणखी पंधरा-वीस लाख किंवा अधिक, आणि विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनेतून गेल्यास सगळे धरून एक कोटीच्या जवळपास, असे खर्चाचे साधारण मान आहे. बँक एवढे कर्ज सहसा तारणावर देते. तारण म्हणजे घर किंवा जमीन, म्हणजे जोखीम कुटुंबाची. कॅडेट योजनेत निवड आधी होत असल्याने अनिश्चितता कमी होते. तरीही तेथील नोकरीची शाश्वती कंपनीच्या प्रकृतीवरच टिकून असते.

तेजीच्या काळात या मार्गावर आडवाटाही निघतात. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली आणि काही वैमानिकांना अटकही झाली. त्यानंतर परवान्यांची तपासणी कडक झाली.

उजवी खुर्ची, डावी खुर्ची

कॉकपिटमध्ये डाव्या खुर्चीवर कॅप्टन आणि उजवीकडे फर्स्ट ऑफिसर बसतो. नवा परवानाधारक उजव्या खुर्चीचा उमेदवार असतो. टंचाईची बातमी येते ती बहुधा डाव्या खुर्चीची असते. कॅप्टन होण्यासाठी एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट हा वरचा परवाना लागतो आणि त्याला किमान १,५०० तासांचा अनुभव लागतो. कंपन्या प्रत्यक्षात त्याहून अधिक मागतात. तासांखेरीज निर्णयक्षमतेची पारखही होते, त्यामुळे उजवीकडून डावीकडे सरकायला तेजीतही चार-पाच वर्षे जातात, मंदीत दहाही.

पगार वाढवून फर्स्ट ऑफिसरला रातोरात कॅप्टन करता येत नाही. तातडीचे दोन मार्ग उरतात. परदेशी कॅप्टन तात्पुरत्या परवानगीवर आणायचे, किंवा दुसऱ्या कंपनीचे खेचायचे. परदेशी वैमानिकांना निरोप देण्याच्या मुदती सरकारने ठरवल्या आणि अनेकदा पुढे ढकलल्या. खेचाखेचीला आळा घालण्यासाठी डीजीसीएने २०१७ मध्ये राजीनाम्यानंतरची मुदत कॅप्टनसाठी एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरसाठी सहा महिने केली. इतकी लांब मुदत अन्य व्यवसायांत क्वचितच आढळते. तरीही २०२३ मध्ये ४३ वैमानिक मुदत न पाळता सोडून गेल्याचे सांगत आकासा न्यायालयात गेली.

नव्या परवानाधारकाची भरती कॅप्टनांच्या संख्येवरच अवलंबून असते. प्रत्येक उड्डाणाला एक कॅप्टन हवाच. नव्या फर्स्ट ऑफिसरला तर सुरुवातीला प्रशिक्षक कॅप्टन लागतो. प्रशिक्षक मोजके असतात. डाव्या खुर्चीची टंचाई उजव्या खुर्चीची दारे अशी बंद करते, आणि सुरुवातीची विसंगती येथे सुटते. टंचाई आणि बेकारी एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

एका विमानामागे किती वैमानिक

ए-३२० सारखे अरुंद धडाचे विमान दिवसाला सुमारे १२ तास हवेत असते, असे धरू. वर्षाचे ४,३८० तास झाले. कॉकपिटमध्ये दोघे, म्हणून वैमानिकांचे तास ८,७६०. नियमांनुसार एका वैमानिकाला वर्षात १,००० तासांपेक्षा अधिक उडता येत नाही. कागदावर नऊ वैमानिक पुरतात. रजा, आजारपण, राखीव ड्यूटी, सिम्युलेटरच्या चाचण्या धरल्या तर एकाचे वर्षाचे तास सातशेच्या आसपास भरतात आणि संख्या बारा-तेरावर जाते. लांब पल्ल्याच्या विमानात तीन-चार वैमानिक एकाच फेरीत लागत असल्याने ती जवळपास दुप्पट होते. मागणी नोंदवलेली विमाने कोणत्या जातीची आहेत, हे म्हणूनच महत्त्वाचे.

या भागाकारात विश्रांतीचा नियम बदलला की उत्तर बदलते. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीची व्याख्या मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत वाढवली आणि रात्रीत करता येणारी लँडिंग सहावरून दोनवर आणली. थकव्यामुळे होणाऱ्या चुका टाळणे हा हेतू होता. अंमलबजावणी लांबत दोन टप्प्यांत झाली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. महिनाभरात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. डीजीसीएला काही अटींतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट द्यावी लागली. नियम जवळपास दोन वर्षे आधी माहीत होता. वैमानिक मात्र दोन वर्षांपूर्वीच घ्यायला हवे होते आणि तेवढा काळ ते काहीसे जादा ठरले असते. जादा वैमानिक म्हणजे जादा खर्च, या हिशेबाने चालणारी कंपनी नेमकी किती कमी माणसांवर उभी असते, ते त्या आठवड्यात दिसले.

दोनच मोठी दारे

देशांतर्गत बाजाराचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा आज एकट्या इंडिगोकडे आहे. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाल्यावर उरलेल्यातील बहुतांश टाटा समूहाकडे गेला. एकत्रीकरणामुळे मोठ्या कंपन्यांची आर्थिक ताकद वाढते आणि कंपनी अचानक बुडण्याचा धोका कमी होतो. दुसरीकडे वैमानिकाला नोकरी बदलण्याची संधी आक्रसते. एकट्या इंडिगोने वर्षभर भरती थांबवली तर देशातील अर्ध्याहून अधिक दारे बंद होतात. आखाती कंपन्यांचा पर्याय आहे; पण तेथे अनुभवी, टाइप रेटिंग असलेल्या वैमानिकालाच मागणी असते.

गोंदिया, बारामती, धुळे

महाराष्ट्रात प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना जुहूला १९२८ मधली. मुंबईचे आकाश गजबजल्यावर त्याच्या प्रशिक्षणाचा भार धुळ्याकडे सरकला. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, बारामती आणि जळगावलाही संस्था आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. ही गावे निवडली जातात ती मोकळ्या आकाशासाठी. प्रवासी विमानांची वर्दळ कमी असली की शिकाऊ विमानाला धावपट्टी पुन्हापुन्हा मिळते. पावसाळ्यात मात्र तास रेंगाळतात. विमाने, प्रशिक्षक किंवा इंधन कमी पडले तर वर्षभरात पुरे व्हायचे २०० तास दोन वर्षांवर जातात. परदेशी जाणाऱ्यांचे मोठे कारण हेच असते.

लहान गावांच्या विमानसेवेतून वैमानिकांच्या जागा किती वाढतात, याचे उत्तर माफक आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘उडान’ योजनेतील ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गांवरच सेवा सुरू झाली, त्यांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांचा अनुदानकाळ पूर्ण केला आणि मार्च २०२३ मध्ये त्यानंतरही चालू असलेले मार्ग ५४ होते, असे महालेखापरीक्षकांच्या अहवालात नोंदले आहे. जळगावची विमानसेवा गेल्या काही वर्षांत सुरू झाली, थांबली आणि पुन्हा सुरू झाली. अशा छोट्या विमानांवरची नोकरी अनुभवाचे तास मिळवायला मात्र चांगली.

पाहण्याजोगे आकडे

भरतीचा अंदाज घ्यायचा तर मागणी नोंदवलेल्या विमानांचा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. त्या वर्षात किती विमाने प्रत्यक्ष ताब्यात आली आणि किती जमिनीवर उभी आहेत, यांची वजाबाकी अधिक बोलकी ठरते. प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांतील दोषामुळे २०२४ च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने उभी होती. त्यांच्या जागी काही विमाने थोड्या मुदतीच्या भाड्याने, काही वेळा वैमानिकांसकट आणली गेली. त्यांतून देशी नोकऱ्या निघाल्या नाहीत. याखेरीज वर्षात किती फर्स्ट ऑफिसर कॅप्टन झाले, सिम्युलेटर किती आहेत आणि किती कॅप्टन ६५ या निवृत्तीच्या वयाला पोचत आहेत, हे आकडे जाहिरातींत येत नाहीत.

२०२३ च्या मागणीतील इंडिगोची ५०० विमाने २०३० ते २०३५ या काळात येणे अपेक्षित आहे. २०२६ मध्ये ग्राउंड क्लास, म्हणजे लेखी विषयांचे वर्ग, सुरू करणारा विद्यार्थी सर्व वेळेत झाले तर २०२९ च्या सुमारास उजव्या खुर्चीवर बसेल. त्या ५०० विमानांतले पहिले तेव्हा अजून यायचे असेल.